धरणाचे दरवाजे मोजले, फणे कोण मोजणार?



हल्ली प्रत्येक कल्याणकाला मोबाईलवर एआयने केलेले भगवंतांचे व्हिडिओ येतात. कुणाच्या भाच्याने केलेला असतो, कुणाच्या सुनेने. मला त्याचा राग नाही. माझ्या मते असे व्हिडिओ खुशाल करावेत, पण एकाच तुकड्याला मागून मागून जोड देत लांबवू नये, आणि त्यात भगवंतांची प्रतिमा तर मुळीच हलवू नये. असं का म्हणते ते सविस्तर लिहिते, कारण दोन-तीन जणींनी मला "तुम्ही जुन्या वळणाच्या" असं ऐकवलं आहे.

मागच्या श्रावणात पाठशाळेच्या चार मुलींनी मोक्षसप्तमीसाठी एक मिनिटाचा व्हिडिओ केला. सुरुवात आपल्या येलदरीपासून. भरलेलं धरण, पूर्णेचं पाणी, तिथून ढग, ढगांतून सम्मेद शिखरजी, आणि शेवटी कायोत्सर्गात उभे पार्श्वप्रभू, मस्तकावर सात फण्यांचा नाग. कल्पना फार गोड होती. त्यांचं ॲप एका वेळी आठ सेकंदांचाच तुकडा देत होतं, म्हणून त्या 'एक्स्टेंड'चं बटण दाबत पुढे गेल्या. पहिल्या तुकड्यात धरणाचे दरवाजे दहा होते, कारण मुलींनी खरा फोटो दिला होता. दुसऱ्यात ते तेरा झाले. व्हिडिओ दाखवला तशा सगळ्या जणी हसल्या, "अगं, हे कोणतं धरण?" इथे पावसाळ्यात आज किती दरवाजे उघडले हे लहान पोरांनाही माहीत असतं, मग चूक लपणार कशी?

पण शेवटच्या तीन तुकड्यांत भगवंतांच्या मस्तकावरचे फणे सातांचे सहा झाले, सहांचे पाच झाले. ते एकीनेही मोजले नाहीत. सगळ्यांनी हात जोडले.

आता पाच फणे म्हणजे कोण, हे पाठशाळेत शिकलेल्या मुलीला विचारा. सातवे तीर्थंकर सुपार्श्वनाथ. पार्श्वनाथांवर सात फणे असतात, काही ठिकाणी नऊ, अकरा, आणि सहस्रफणी मूर्तीही आहेत. पण पाच फणे दिसले की आपण सुपार्श्वनाथ म्हणतो. बरं, दिगंबर परंपरेत या दोघांचा वर्णही हरितच सांगितला आहे. म्हणजे रंगावरूनही ओळख पटायची नाही. उरलं फणे आणि आसनावरचं लांछन, तेविसाव्यांचा सर्प आणि सातव्यांचं स्वस्तिक. आसन तर त्या व्हिडिओत ढगांखाली झाकून गेलं होतं. मोक्षसप्तमी पार्श्वप्रभूंची, आणि नमस्कार दुसऱ्याच भगवंतांना. नमस्काराने कुणाचं वाईट झालं नाही, मान्य. पण पाठशाळेतली सात वर्षांची पोर काय शिकली?

चेहऱ्यावरून ओळखावं म्हटलं तर आपल्याकडे तेही नाही. चोवीसही भगवंतांची मुद्रा एकच, शांत, नासाग्र दृष्टी. पद्मासन नाही तर कायोत्सर्ग. वृषभनाथांच्या खांद्यावर जटा, पार्श्व-सुपार्श्वांवर फणे, बाकी सगळी ओळख लांछनावर. बैल असेल तर वृषभनाथ, शंख असेल तर नेमिनाथ, सिंह असेल तर महावीर. सिनेमातल्या नटाचा चेहरा थोडा बदलला तर प्रेक्षक म्हणतो, हा वेगळाच दिसतोय. आपल्या भगवंतांचं एक बोटभर चिन्ह बदललं की भगवंतच बदलतात, आणि बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. हे यंत्र चुकतं ते नेमकं अशा बारीक, मोजायच्या गोष्टींत. बोटं, फणे, दरवाजे, माळेचे मणी.

ते का चुकतं हेही समजून घ्या, म्हणजे उपाय सापडतो. गुगलच्या व्हिओ 3 सारखी साधनं आठ सेकंदांचे तुकडे बनवतात. तुकडा वाढवायला सांगितलं की साधन मागच्या तुकड्याचं शेवटचं चित्र, फार तर शेवटचा क्षणभराचा भाग, समोर ठेवतं आणि तिथून पुढचं रचतं. तुम्ही पहिल्यांदा दिलेला फोटो तेव्हा त्याच्यासमोर नसतो. शेवटच्या चित्रात एक फणा ढगाआड गेला असेल, तर पुढच्या तुकड्यासाठी तो नव्हताच. मग जी चूक झाली तीच पुढच्याचा आधार होते, आणि वाढत जाते.

आपल्याला हे विरजणावरून पटकन कळेल. कालच्या दह्याचं विरजण आजच्या दुधाला, आजच्याचं उद्याला; आठव्या दिवशी दही पहिल्यासारखं राहतं का? शोधाच्या स्वयंपाकात आपण तसं करत नाही. ताज्या तापवलेल्या दुधात करवंटीचा तुकडा टाकून दर वेळी नव्याने लावतो. व्हिडिओचंही तसंच करा. प्रत्येक तुकडा मूळ फोटोपासून नव्याने सुरू करा, मागच्याच्या शेपटीपासून नको.

हा त्रास आपल्यालाच होतो असंही नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये जिओहॉटस्टारवर एआयने बनवलेली 'महाभारत: एक धर्मयुद्ध' ही मालिका आली. तिच्यात हस्तिनापूरच्या महालात पलंगाशेजारी आजकालच्या फर्निचरच्या दुकानातलं टेबल दिसलं, आणि लोकांनी ते शोधून काढून खूप चेष्टा केली. इतकी माणसं कामाला असून असं झालं, तर आपल्या मुली एका मोबाईलवर करतात.

उलट वेरूळला जा. 32 नंबरचं लेणं, ज्याला इंद्रसभा म्हणतात, ते आणि आजूबाजूची आपली लेणी बघा. पार्श्वनाथ कायोत्सर्गात, मस्तकावर फणे, भोवती कमठाचा उपसर्ग, बाजूला छत्र धरलेली पद्मावती. आणि समोरच्या बाजूला वेलींनी वेढलेले बाहुबली. हीच जोडी तिथे पुन्हा पुन्हा कोरलेली आहे. कारागीर वेगळे, हात वेगळे, कुठे कोरीव काम नाजूक तर कुठे जाडसर. पण बाहुबलींच्या अंगावरच्या वेली कुणी विसरलं नाही. त्यांच्यासमोर शेजारचं शिल्प नव्हे, शास्त्रात सांगितलेलं रूप होतं.

एक ताई म्हणाल्या, "भाव महत्त्वाचा, फणे काय मोजता." ताई, मंदिरात लांछन न बघता तुम्ही अर्घ्य कुणाच्या नावाने म्हणता? भाव महत्त्वाचा म्हणूनच तो कुणाकडे जातो आहे हे नीट बघायचं.

तर मुलींना मी जे सांगितलं ते इथे लिहिते. प्रतिमा खऱ्या मंदिरातलीच घ्या, विश्वस्तांना विचारून काढलेला फोटो. जिंतूरच्या नेमगिरीला जाल तेव्हा, तिथे फोटो चालत असेल तर, नाहीतर निदान डोळ्यांनी, फणे आणि लांछन वहीत लिहून आणा. मग तो फोटो व्हिडिओत स्थिर ठेवा, यंत्राला त्याला हात लावू देऊ नका. हलू दे दिवा, हलू दे ढग, पाणी, चवरी. कायोत्सर्ग म्हणजे देहाची ममता सोडून निश्चल उभं राहणं, आणि आपण त्यांच्या पापण्या मिटवतो, मान वळवतो! मला ते बघवत नाही, अगदी फणे बरोबर असले तरी. ढगांचे, डोंगराचे तुकडे वेगवेगळे करा, पण प्रकाशाचं आणि रंगाचं वर्णन दर वेळी शब्द न बदलता तेच द्या. एकदा 'सकाळचं ऊन' आणि एकदा 'सोनेरी प्रकाश' लिहिलं की दोन वेगळे दिवस दिसतात. दोन तुकड्यांच्या मध्ये सरळ दृश्य तोडा. सलग एक मिनिट पाहिजे हा हट्ट कशाला? चार-चार सेकंदांची दहा दृश्यं नीट लागली तर डोळ्याला खुपत नाहीत.

आणखी एक गोष्ट, लिहायला थोडी अवघड. दिगंबर प्रतिमेचा फोटो दिला की बरीच ॲप ती घ्यायलाच नकार देतात, किंवा पुढच्या तुकड्यात कमरेला वस्त्र आणून ठेवतात, डोक्यावर बुद्धांसारखा अंबाडा चढवतात. मुनिराजांच्या हातातली मोरपिसांची पिंछी दोन तुकड्यांत झाडू होते, कमंडलूचा तांब्या होतो. वस्त्र आलं तर "चला, बरं झालं, झाकलं" असं म्हणणाऱ्याही आपल्यातच भेटतात. मला ते चालणार नाही. दिगंबरत्व काढून घेतलं तर ते आपले भगवंत राहिले नाहीत. तिथे चित्र बनवूच नये. मंदिराचं शिखर दाखवावं, ध्वज दाखवावा, मागे णमोकार लावावा. तेवढं पुरतं.

असा व्हिडिओ माझ्याकडे आला की मी गटावर काही लिहीत नाही. ज्यांनी पाठवला त्यांना दुपारी, सगळं आवरल्यावर, फोन करते आणि म्हणते, जरा थांबवून मोजा बरं. बहुतेक जणी फोन चालू असतानाच मोजतात.