आलेख हृदयाचा, व्याधी फुप्फुसाची

अहिल्यानगर-सोलापूर रस्त्यावरील आमच्या मिरजगावी छातीत कळ व दम घेऊन कुणी आला, की प्रथम ईसीजी काढण्याची घाई होते. त्यास आमची हरकत नाही. आलेखालाच निदान मानण्यास आहे. डाव्या फुप्फुसाभोवती हवा साठून ते मिटले, म्हणजे हृदय बाजूस सरकते व मधली हवा विद्युत्संकेत क्षीण करते. छातीवरील लीडमध्ये आर-तरंग खुजा होतो, टी-तरंग क्वचित उलटतो आणि हृदयविकाराच्या झटक्याचा भास होतो. हवा काढून फुप्फुस फुलले, की आलेख बहुधा पूर्ववत होतो; परंतु तत्पूर्वी गुठळी विरघळविणारे औषध दिले गेले असेल, तर नळी घालताना रक्तस्रावाचे संकट ओढवते.

अपस्तंभ मर्मावर आघात झाल्यास कोष्ठ वायूने भरून कास-श्वासाने मृत्यू येतो, असे सुश्रुताचार्य शारीरस्थानात सांगतात. ते पढलेल्या वैद्याने छातीवर बोटे वाजवून पाहण्यास विसरावे, हे आम्हांस खटकते. एका बाजूस पोकळ नाद, श्वासध्वनी मंद, एवढी नोंद आलेखासोबत मोठ्या रुग्णालयात जावी. तीस मिनिटभर पुरते. रवानगी मात्र लांबवू नये. औषधविक्रेत्या बंधूंनीही 'गॅस' समजून चूर्ण देण्यापूर्वी दम लागतो का, हे विचारावे. जुना क्षयरोगी वा दमेकरी असेल, तर पुडी बांधूच नये.