ओरखड्याचे अंदाजपत्रक

गळीत हंगाम सुरू झाला, म्हणजे सातारा-पंढरपूर रस्त्याने कोरेगावातून एकामागून एक जाणाऱ्या, दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांच्या दोन्ही बाजूंस उसाची टोके अशी काही बाहेर आलेली असतात, की त्यांच्या शेजारून वाट काढणाऱ्या मोटारीच्या अंगावर एकही रेघ न उमटता हंगाम पार पडणे, हे भाग्याचेच लक्षण मानावे लागते. आमच्या वाट्यास आलेली रेघ डावीकडील मागच्या दारावर, वीतभर लांबीची आहे. ती ओढणारा ट्रॅक्टर कोणाचा, हे कळण्यास मार्ग नाही, आणि कळला असता तरी फिर्याद रुजू करावी इतकी ती बाब गंभीर नाही. मात्र ती नाहीशी करण्यास किती खर्च येईल याची चौकशी आरंभिल्यावर जी दरपत्रके हाती आली, ती एकाच कामाची आहेत यावर विश्वास बसणे कठीण झाले.

एका टोकास बारा मिलिलिटरची, झाकणालाच कुंचला जोडलेली बाटली. किंमत सुमारे तीनशे रुपये. मध्यावर गावातील डेंटिंग-पेंटिंगचे गॅरेज, तेथे दार रंगविण्याचे अडीच हजार. आणि दुसऱ्या टोकास शहरातील अधिकृत कार्यशाळेचे, करासह पाच हजारांचे, छापील कागदावरील अंदाजपत्रक.

स्वस्त म्हणून ज्या बाटलीकडे मन ओढ घेते, तिचाच हिशेब आधी करून पाहावा. तीनशे रुपयांस बारा मिलिलिटर, म्हणजे लिटरला पंचवीस हजार रुपये झाले. इतक्या दराचे मद्य या तालुक्यात कोणी प्राशन करीत असेल असे वाटत नाही. मौज अशी, की आमच्याच सातारा जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात, एशियन पेंट्सचा जो कारखाना २०१३ साली सुरू झाला, त्याची क्षमता आरंभीच वर्षाला तीन लक्ष किलोलिटर रंगाची होती. आणि कुंभार्ली घाट उतरून पलीकडे गेले, तर लोटे परशुराम येथे नेरोलॅकचा कारखाना आहे, ज्या कंपनीचा उगम १९२० साली मुंबईच्या लोअर परळ भागात झाला आणि मोटारींचे रंग हे जिच्या व्यवसायाचे एक मुख्य अंग आहे. रंगाच्या महापुराच्या अशा काठावर राहणाऱ्या माणसास चमचाभर रंग मात्र अत्तराच्या भावाने घ्यावा लागतो. खंडाळ्याचा रंग घरांच्या भिंतींसाठी असतो, हे खरे. परंतु महागाईचे कारण तेवढेच नाही. भिंतीचा पांढरा कोणताही चालतो. मोटारीचा पांढरा म्हणजे तिच्या ओळखपट्टीवर कोरलेल्या संकेताचाच पांढरा लागतो. मारुतीच्या एका पांढऱ्याचा संकेत ‘२६यू’, तर एका रुपेरीचा ‘झेड२एस’. अशा शेकडो संकेतांच्या लहान लहान बाटल्या भरून, गिऱ्हाईक येईपर्यंत त्या सांभाळणे, याचीच किंमत आपण मोजत असतो.

आता उरला दाराचा प्रश्न. रेघ वीतभर असता सबंध दार का रंगवावे, हा सवाल मी गॅरेजमधील पेंटरास केला, तेव्हा वॉटर पेपरने एका मडगार्डावरील लांबी घासत, मान वर न करता तो म्हणाला, “सायेब, रंगाचं काय घेऊन बसलाय? रंग दोनशेचा बी न्हाई. रेघ दिसू नये म्हणताय ना, त्येचं पैसं हायेत.” अंदाजपत्रकाच्या तीन पानांत जे नव्हते, ते त्याने एका वाक्यात सांगितले.

कारखान्यात पत्र्यावर प्रथम विजेच्या साहाय्याने गंजरोधक थर बसवितात, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सर्व थर मिळून मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतके जाड होतात आणि सुमारे १४० अंश वा त्याहून अधिक उष्णतेच्या भट्टीत पक्के होतात. जोडणी पूर्ण झालेली, तारा आणि प्लॅस्टिक बसविलेली मोटार पुन्हा त्या भट्टीत घालता येत नाही. म्हणून पेंटर हार्डनर मिसळून कमी उष्णतेत वाळणारा रंग वापरतो. त्यात रंग जर मेटॅलिक असेल, तर प्रकरण अधिकच नाजूक होते. त्या रंगात अॅल्युमिनियमचे सूक्ष्म कण असतात. स्प्रे-गनच्या फवाऱ्याने ते पृष्ठभागाशी समांतर निजतात आणि प्रकाश एकसारखा परत पाठवितात, पण कुंचल्याने लावलेल्या रंगात तेच कण वाटेल त्या दिशेला तोंड करून बसतात. परिणामी, संकेत तंतोतंत जुळूनही तो डाग भोवतालच्या रंगाहून वेगळा उठून दिसतो. शिवाय संकेत असतो तो मोटार नवी असतानाच्या रंगाचा. उघड्यावर उन्हात उभी राहून तिचा रंग पुढे कोठे गेला, याची नोंद कोणत्याही पट्टीवर नसते. तेव्हा ही तफावत लपविण्यास नवा रंग हळूहळू विरळ करीत दाराच्या कडेपर्यंत, प्रसंगी शेजारच्या पॅनेलवरही, नेणे भाग पडते. अडीच हजारांचे कोडे येथे सुटते.

“मग विमा कशासाठी काढला?” असे घरातून विचारण्यात आले, हा प्रश्न बहुतेक घरांतून येतोच. विमापत्राच्या शर्तींप्रमाणे रंगाच्या सामग्रीवर ५० टक्के घसारा कापला जातो, आणि बिल एकत्रित असेल तर त्यातील २५ टक्के रक्कम ही सामग्रीची, असे धरले जाते. पाच हजारांच्या बिलात सामग्री साडेबाराशेची, तिचा निम्मा, म्हणजे ६२५ रुपये, वजा, १५०० सी.सी.पर्यंतच्या मोटारीस मालकाने सोसावयाचे एक हजार वजा. हाती पडणार ३,३७५. आणि सलग पाच वर्षे दावा न केल्याबद्दल मिळत असलेली ५० टक्क्यांची सूट तेवढ्यासाठी गमवावयाची. स्वतःच्या नुकसानीपोटीचा हप्ता आठ हजार असेल, तर पहिल्याच वर्षी चार हजारांवर पाणी सोडावे लागेल, आणि पुढे पुन्हा २० टक्क्यांच्या पायरीपासून चढण. घसारा न कापणारे महाग विमापत्र असले, तरी सुटीचा हा नियम बहुधा तसाच राहतो. वीतभर रेघेसाठी दावा करणे हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार होय.

तेव्हा माझे मत असे. रेघ बंपरावर असेल, तर ते प्लॅस्टिक आहे, गंजणार नाही. खुशाल राहू द्यावी. ओरखडा नखाला लागतही नसेल, तर रबिंग कंपाउंडने घासून पाहावे. पुष्कळदा इजा वरच्या पारदर्शक थरापुरतीच असते. पत्रा उघडा पडला असेल, तर मात्र पावसाळ्यापूर्वी बाटलीचा रंग अवश्य लावावा, मग तो डोळ्यांना खुपला तरी चालेल. गंज रंगाखालून पसरत जातो आणि मग पत्राच कापावा लागतो. सबंध दार रंगविण्याची हौसच असेल, तर ऊस संपल्यावर, चैत्र-वैशाखाच्या कोरड्या हवेत ते काम काढावे, कारण दमट हवेत लॅकरवर दुधट छटा येते. आणि अंदाजपत्रक कोठलेही घेतले, तरी त्यात सामग्री आणि मजुरी वेगवेगळी लिहून मागावी. मागितल्याशिवाय ती कोणी लिहून देत नाही.