'इतर' नावाचा खोका

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मामांनी माझ्या ताब्यात एक लोखंडी पेटी दिली. तालुक्याच्या गावी त्यांचे टेप-रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. टेप गेले, दुकानही गेले. उरल्या तीनशेच्या वर कॅसेटी. "घरातून कॉलेजात गेलेली तूच पहिली. आता एवढं नीट लावून दे," ते म्हणाले. मला वाटले, दोन दिवसांचे तर काम!

मी चपलांचे रिकामे खोके मांडले आणि त्यांवर चिठ्ठ्या डकवल्या : शास्त्रीय, भक्तिगीत, भीमगीत, कव्वाली, लावणी, सिनेमा. कुठेच न बसणाऱ्यांसाठी शेवटचा खोका : 'इतर'.

पहिल्याच दिवशी गाडी अडली ती प्रल्हाद शिंदे यांच्यापाशी. विठ्ठलाची गाणी त्यांची, भीमगीते त्यांची आणि कव्वालीही त्यांचीच. एका गळ्याचे तीन तुकडे करायचे का? पुढे पं. भीमसेन जोशींचे अभंग आले. ते शास्त्रीयमध्ये ठेवायचे की भक्तिगीतात? मामांच्या गिऱ्हाइकांना असले प्रश्न कधी पडले नसावेत. आषाढीला अभंग आणि चौदा एप्रिलला भीमगीते मागायला माणसे बरोबर येत.

ही अडचण काही माझ्या एकटीची नाही. पं. विष्णू नारायण भातखंडे (1860–1936) यांनी ठिकठिकाणी हिंडून घराण्यांच्या चिजा जमवल्या आणि रागांची मांडणी दहा थाटांत केली. त्या मांडणीवाचून आजही विद्यार्थ्याचे चालत नाही. पण पटदीप राग पाहा. त्यात गंधार कोमल आणि निषाद शुद्ध. तो दहांपैकी एकाही थाटात धड मावत नाही, म्हणून त्याला काफीच्या घरी बिऱ्हाड दिले जाते. यात दोष रागाचा नाही. घरेच दहा आहेत, त्याला कोण काय करणार?

म्हणून वर्गवारी करूच नये, असे मी म्हणत नाही. नावाशिवाय वस्तू सापडत नाही. शिवाय 'भीमगीत' हे नाव काही कुणी पंडिताने वरून चिकटवलेले नाही. गाणाऱ्यांनी आणि ऐकणाऱ्यांनी ते अभिमानाने मिरवले आहे. माझे भांडण आहे ते 'इतर'शी.

त्या खोक्यात मी एक कॅसेट न ऐकताच टाकली होती. तिच्यावर मामांच्या अक्षरात एकच शब्द होता : 'टेस्ट'. शेवटच्या दिवशी सहज लावली. आधी नुसती घरघर ऐकू आली. टेपचेच काही बिघडले असेल, म्हणून मी बंद करणार, तोच त्या घरघरीतून आजीचा आवाज वर आला. आईच्या लग्नाची हळद दळताना आजी ओव्या गात होती. दुरुस्त केलेला टेप चालतो की नाही, हे पाहायला मामांनी ते टिपून घेतले होते.

मी ती कॅसेट आजीला ऐकवली आणि विचारले, "आजी, याला काय नाव द्यायचं?" ती हसली. म्हणाली, "नाव कशाचं गं? ही भावाची, ही पंढरीची, अन् ही तुझ्या मायची." म्हणजे तिची वर्गवारी केव्हाच तयार होती. मला मात्र तिच्यासाठी एक खोका सापडला नव्हता.

मराठीच्या सरांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या कामाविषयी सांगितले. या दोघांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील हजारावर गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. 1996 साली आपल्याच जिल्ह्यात, माजलगावच्या भीमनगरात, बाबासाहेबांवरच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. आज हा ठेवा 'पारी'च्या संकेतस्थळावर ऐकता येतो. त्यांची वर्गवारी आहे विषयावरून : सीता, भाऊ, लेक, पंढरी, बाबासाहेब. आजीचीही रीत तीच नव्हे का? आणि तिथे ओवीबरोबर गाणारीचे व तिच्या गावाचे नाव येते.

आपण वर्गात 'लोकगीत' हा शब्द लिहून घेतो आणि त्याखाली 'कर्ता अज्ञात' असे लिहून मोकळे होतो. ओवी पहिल्यांदा कुणी रचली, हे खरेच कुणाला ठाऊक नसेल. पण ती आज कोण गाते, हे तर विचारता येते! मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरचे लोक दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. घरी राहतात त्या म्हाताऱ्या आणि त्यांच्या ओव्या. आपल्या प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. यंदाच्या रासेयो शिबिरात आपण एवढे एक काम करू या. प्रकार कोणता, ते मागाहून ठरवू. आधी तिघींचे तरी नाव, गाव आणि तारीख लिहू या.

ती कॅसेट मी 'इतर'मधून काढली. 'टेस्ट' हा शब्द तसाच राहू दिला, कारण तोही खराच आहे. त्याच्याखाली आजीचे पूर्ण नाव लिहिले. वाचता येत नसूनही ती त्यावरून बराच वेळ बोट फिरवत होती.