अनवाणी पायांची सोयीस्कर दंतकथा

विश्वचषकाचे पडघम वाजू लागले की एक गोष्ट दादरच्या कट्ट्यापासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत न चुकता फिरू लागते. १९५० साली भारत ब्राझीलमधील विश्वचषकासाठी पात्र ठरला होता. परंतु भारतीय खेळाडू अनवाणी खेळत, फिफाने त्यास मनाई केली आणि म्हणून संघ गेला नाही. गोष्ट मोठी चटकदार आहे. तिच्यात स्वाभिमान आहे, गोऱ्यांचा आडमुठेपणा आहे, गरिबीचे थोडे हळवेपणही आहे. नाही ते फक्त सत्य.

ती सांगणाऱ्यांनी सनावळीकडे एकदा तरी पाहायला हवे होते. ३१ जुलै १९४८ रोजी लंडन ऑलिम्पिकमध्ये भारत फ्रान्सविरुद्ध खेळला. बहुतेक खेळाडू अनवाणी होते. दोन पेनल्टी वाया गेल्या, सारंगपाणी रामन यांनी गोल केला आणि सामना १-२ असा हातचा गेला. चार वर्षांनी, १९५२ साली, हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे धुऊन काढले. तेथेही अनेक भारतीय खेळाडूंच्या पायांत बूट नव्हते. ऑलिम्पिकमधील फुटबॉल फिफाच्याच नियमांनी चाले. मग १९५० च्या आधीच अनवाणी खेळावर बंदी आली असेल, तर १९५२ मध्ये हे खेळाडू मैदानात उतरले कसे? बुटांची सक्ती केली ती भारतीय महासंघाने, आणि तीही हेलसिंकीच्या मानहानीनंतर. परिणाम आधी आणि कारण मागाहून, असा हा इतिहास आहे!

मग १९५० मध्ये झाले काय? पात्रता गटातील ब्रह्मदेश आणि फिलिपिन्स यांनी माघार घेतल्यामुळे भारत एकही सामना न खेळता पात्र ठरला. स्वीडन, इटली आणि पॅराग्वे यांच्या गटात त्याचे नाव पडले. प्रवासखर्चाचा मोठा भाग उचलण्याची यजमानांची तयारी होती. तरीही अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने नकार कळविला; कारणे दिली ती संघनिवडीतील मतभेदांची आणि अपुऱ्या सरावाची. कर्णधार शैलेन मन्ना यांनी पुढे अनवाणीपणाची कथा साफ झिडकारली. त्या काळी खेळाडूंना विश्वचषकाची फारशी कल्पनाच नव्हती, त्यांच्या लेखी ऑलिम्पिक हेच सर्वस्व होते, असे त्यांचे सांगणे होते.

लांबच्या सागरी प्रवासाची सबबही कोणी पुढे करतात. त्यांनी इटलीकडे पाहावे. मे १९४९ मध्ये सुपरगा येथे विमान कोसळून तोरिनोचा अख्खा संघ दगावला होता. त्या धक्क्यामुळे जगज्जेत्या इटलीचा संघ विमान टाळून बोटीने ब्राझीलला गेला.

ही दंतकथा टिकली याचे कारण तिच्या गोडव्यात नाही, तिच्या सोयीत आहे. खेळाडूंचे उघडे पाय पुढे केले की समितीच्या टेबलावर झालेल्या निर्णयाकडे कोणाचे लक्ष जात नाही. हुकलेल्या संधीचा दोष बिनबोभाट खेळाडूंच्या गरिबीवर ढकलला जातो.

सराव अपुरा, संघ जुळत नाही, असे महासंघ म्हणत होता त्याच वर्षी मुंबईत काय घडत होते? कूपरेजच्या मैदानावर (नावाचा अर्थ लाकडी पिंपे बनविण्याची जागा, फुटबॉलशी त्याचा सुतराम संबंध नाही) हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने १९५० मध्ये रोव्हर्स चषक जिंकला आणि १९५४ पर्यंत सलग पाच वेळा तो सोडला नाही. हा चषक १८९१ पासूनचा. पहिला विजेता वूस्टरशर रेजिमेंटचा संघ. पुढे कित्येक वर्षे तो गोऱ्या पलटणींच्याच हाती राहिला. १९२३ मध्ये मोहन बागान अंतिम फेरीत पोहोचला, पण डरहॅम लाइट इन्फंट्रीकडून १-४ असा हरला. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्सने तो जिंकला, तेव्हा कोठे ही परंपरा मोडली.

हैदराबादच्या त्या पोलिसांचे प्रशिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम. १९५६ मध्ये मेलबर्न ऑलिम्पिकचा संघ त्यांच्याच हाती होता, आणि त्यात मुंबईचा एक आघाडीवीर होता : नेव्हिल डिसोझा. टाटा स्पोर्ट्स क्लब आणि कॅलटेक्स या मुंबईच्या संघांचे हे खेळाडू. १ डिसेंबर रोजी यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी तीन गोल केले आणि भारत ४-२ असा जिंकला. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट-ट्रिक करणारे ते पहिले आशियाई. उपांत्य फेरीत युगोस्लाव्हियाकडून भारत १-४ असा हरला. तो एकमेव गोलही त्यांचाच. चार गोलांसह ते स्पर्धेतील संयुक्त सर्वाधिक गोल करणारे ठरले. भारताला चौथे स्थान मिळाले.

एखादा फलंदाज शिवाजी पार्कच्या कोणत्या कोपऱ्यात घडला हे मुंबईच्या इतिहासप्रेमींना तोंडपाठ असते. नेव्हिल यांचे नाव मात्र त्यांना सांगावे लागते. जे झालेच नाही ते पाठ आणि जे झाले ते विस्मृतीत, ही निवड कोणी सक्तीने करायला लावलेली नाही. रोव्हर्स चषकाचेही तेच. २०००-०१ च्या हंगामानंतर तो भरलाच नाही, आणि एकशे दहा वर्षांची स्पर्धा बंद पडल्याची हळहळ शहरात फारशी उमटली नाही.

ज्यांना विचित्र आणि अल्पपरिचित गोष्टच पुढे पाठवायची असेल, त्यांच्यासाठी मेलबर्ननंतरची एक आहे, आणि ती खरी आहे. मायदेशी परतण्यापूर्वी, १२ डिसेंबर १९५६ रोजी, हाच संघ सिडनीत ऑस्ट्रेलियाशी पुन्हा खेळला. निकाल : भारत ७, ऑस्ट्रेलिया १.