नव्या गांवाची पारख

सरकारी नोकराच्या घरीं बदलीचा हुकूम आला म्हणजे सर्वांच्या तोंडीं एकच प्रश्न असतो : “तें गांव कसें आहे?” उत्तरही बहुधा ठरलेलेंच असतें. तेथें आहे काय? चांगली शाळा नाहीं, नाटक-सिनेमा नाहीं, दिवेलागणीनंतर रस्त्यावर चिटपाखरूं नसतें. तेव्हां मंडळींनीं शहरांतच राहावें आणि वडिलांनीं रोज जाऊन यावें. अशा रीतीनें गांव पाहण्यापूर्वींच गांवाचा निकाल लागतो. आमच्या शाळेंतील कित्येक मुलांचे वडील याच रीतीनें सकाळीं बाहेर पडतात आणि रात्रीं परततात. म्हणून या प्रश्नाचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रश्न अयोग्य आहे असें आमचें म्हणणें नाहीं. रात्रीं मूल आजारी पडलें तर डॉक्टर किती अंतरावर आहे, नळास पाणी कितव्या दिवशीं येतें, मुलीच्या शाळेंत गणित शिकविणारा कोणी आहे कीं नाहीं, यांची चौकशी जो बाप करीत नाहीं तो आपल्या कर्तव्यास चुकतो. परंतु हा झाला सोयींचा विचार. सोय निराळी आणि संस्कृति निराळी. माणसें एकमेकांशीं आणि परक्याशीं कशीं वागतात, ही गांवाची संस्कृति होय. ती दुकानांच्या पाट्या मोजून कळत नाहीं.

उदाहरणार्थ पैठण घेऊं. आपल्या शहरापासून सुमारें पन्नास किलोमीटरांवर, गोदावरीच्या उत्तर तीरावर हें गांव वसलें आहे. २०११ च्या खानेसुमारींत त्याची वस्ती सुमारें ४०,००० भरली. सातवाहनांची राजधानी, एकनाथ महाराजांचें गांव, पैठणीला आपलें नांव देणारें गांव, ही त्याची कीर्ति सर्वांनीं पुस्तकांत वाचलेली असते. ती मनांत घेऊन नवा माणूस तेथें उतरतो, आणि त्याच्या दृष्टीस अरुंद गल्ल्या व जुने वाडे पडले म्हणजे खट्टू होतो. उलट फाल्गुन वद्य षष्ठीस, नाथांच्या यात्रेंत, दिंड्यांचा समुदाय आणि टाळमृदंगांचा घोष ज्यानें प्रथम पाहिला, तो भारावून जातो व या गांवासारखें गांव नाहीं असें म्हणतो. आमच्या मतें हे दोन्ही निकाल सारखेच कच्चे आहेत. यात्रेच्या दिवशीं गांव पाहुण्यांचें असतें. गांवकऱ्यांचें गांव पाहावयाचें तर यात्रा उठून गेल्यावर पाहिलें पाहिजे.

तिसरा कच्चा निकाल बसच्या खिडकींतून दिलेला असतो. ज्याला हल्लीं सर्वजण ‘अप-डाउन’ म्हणतात त्याचें प्रमाण आमच्या जिल्ह्यांत फार आहे. २०२२ सालीं गंगापूरचे आमदार श्री. प्रशांत बंब यांनीं विधानसभेंत हाच विषय काढला. शिक्षक नेमणुकीच्या गांवीं राहत नाहींत आणि घरभाड्याचा भत्ता मात्र घेतात, असा त्यांचा आक्षेप होता. त्यावर मोठा वाद माजला आणि शिक्षकांनीं आपल्या शहरांत मोर्चा काढला. खेड्यापाड्यांत कुटुंबासह राहण्याजोगें घर मिळणें कठीण, हें शिक्षकांचें म्हणणें सर्वस्वी खोटें नाहीं. भत्त्याचा हिशेब सरकारनें पाहावा. आम्हांस येथें एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, नियम करून माणसाला गांवांत निजवितां येईल, गांवाचा करतां येणार नाहीं; आणि जो गांवांत राहिलाच नाहीं, त्यानें गांवाच्या संस्कृतीवर मत देऊं नये.

मग गांवाची पारख करावी तरी कशी? येथें पैठणचा इतिहासच आपणांस वाट दाखवितो. आळंदीचे निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव व मुक्ताबाई हीं चार भावंडें संन्याशाचीं मुलें म्हणून वाळींत पडलीं, आणि शुद्धिपत्र मिळावें म्हणून याच गांवीं आलीं, अशी परंपरा आहे. पोरक्या मुलांना घरांत घेण्याऐवजीं गांवच्या पंडितांनीं त्यांची परीक्षा मांडिली. पुढें सुमारें तीनशें वर्षांनीं त्याच गांवांत नाथांनीं श्राद्धासाठीं शिजविलेलें अन्न अस्पृश्य मानलेल्या भुकेल्यांना वाढलें, आणि त्याबद्दल गांवच्या प्रतिष्ठितांनीं त्यांनाच दोष दिला, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. आतां पैठणची संस्कृति कोणती म्हणावी? परीक्षा घेणाऱ्यांची, कीं पान वाढणाऱ्याची?

आमचें उत्तर असें कीं, दोन्ही. कोणत्याही गांवाला एकच एक संस्कृति नसते. दार लावणारे आणि दार उघडणारे एकाच गल्लींत राहतात, आणि त्यांचें भांडण पिढ्यान् पिढ्या चालू असतें. म्हणून “हें गांव मला मानवेल काय?” हा प्रश्नच अपुरा आहे. “या गांवांत दार उघडणारे कोण, ते किती, आणि मला त्यांच्या बाजूस उभें राहतां येईल काय?” असा तो विचारला पाहिजे.

या दृष्टीनें पाहणाऱ्यास कांहीं खुणा लवकर दिसतात. पहिली खूण भाड्याच्या घराची. घरमालक भाडें आधीं सांगतो कीं आडनांव आधीं विचारतो? आडनांव ऐकून ज्यास खोली नाकारली जाते, त्याला “गांव मोठें प्रेमळ आहे, थोडा धीर धरा,” असें सांगणें ही क्रूर थट्टा होय. दुसरी खूण घरांतील स्त्रियांना विचारावी. साहेबांस सर्वजण नमस्कार करतात, म्हणून त्यांचें मत पुरेसें नाहीं. त्यांच्या पत्नीस व मुलीस संध्याकाळीं बाजारांत, वाचनालयांत, नदीच्या घाटावर निर्धास्तपणें जातां येतें काय, हें त्या दोघींनींच सांगावें. तिसरी खूण अशी कीं, ज्याच्यापासून गांवास कांहींच मिळावयाचें नाहीं त्याच्याशीं, म्हणजे ऊसतोडीला निघालेल्या मजुराशीं, फिरस्त्याशीं, वेड्याशीं गांव कसें वागतें? अधिकाऱ्याला चहा पाजणें ही संस्कृति नव्हे. तो व्यवहार आहे.

लहान गांवाच्या एका खोडीबद्दल शहरची मंडळी फार कुरकुर करतात. तेथें सर्वांस सर्वांचें सर्व ठाऊक असतें. आज भाजी कोणती आणली, मुलगी कितवींत आहे, पाहुणे कोण आले, याची चौकशी होते. ही चौकशी पुष्कळदां जाचक होते, हें आम्ही नाकारीत नाहीं. विशेषतः तरुण मुलींना तिचा फार त्रास होतो. परंतु मध्यरात्रीं रिक्षा बोलावून दवाखान्यापर्यंत सोबत येणाराही बहुधा तोच चौकशी करणारा शेजारी असतो. ज्याला सोबत हवी आणि नजर नको, त्यानें दोन्हींची किंमत नीट तोलून पाहावी.

पारख एकाच बाजूनें होत नाहीं, हेंही ध्यानांत ठेविलें पाहिजे. नवा माणूस गांवाला पाहतो, तसें गांवही त्याला पाहतें. पुण्याकडून आलेला गृहस्थ “काय करायलास?” हा मराठवाड्यांतील प्रश्न ऐकून हंसला, कीं त्याच्यासाठीं निम्मीं दारें त्याच दिवशीं बंद होतात. मूळचे गुजराथेंतील श्रीचक्रधरस्वामी या गोदातीरीं आले. त्यांनीं येथल्या लोकांची मराठी उचलली व तींतच आपलें तत्त्वज्ञान सांगितलें. गुलाम म्हणून विकला गेलेला, आफ्रिकेंतील हबसाणांत जन्मलेला मलिक अंबर दक्षिणेंत आला. त्यानें १६१० सालीं खडकी वसविली आणि नहरीनें तिला पाणी आणलें. तीच खडकी पुढें औरंगाबाद झाली आणि २०२३ पासून छत्रपति संभाजीनगर म्हणून ओळखली जाते. ज्यांचें शहरच एका परक्यानें वसविलें, त्यांनीं परकेपणाचा बाऊ करूं नये. दोघांनींही गांव आपल्याला काय देतें एवढेंच पाहिलें नाहीं. आपल्या हातानें तेथें काय होईल तें पाहिलें.

आणखी एक गोष्ट आम्हां शहरवासीयांनीं विसरूं नये. पैठणजवळील जायकवाडी धरणाचें उद्घाटन १९७६ सालीं झालें. त्याच्या नाथसागरांत शंभराहून अधिक गांवें बुडालीं, आणि तेथील लोकांना दुसरीकडे नवीं घरें बांधून पुन्हा परक्यांत राहावें लागलें. त्यांना कोणीं विचारलें नाहीं कीं, नवें गांव तुम्हांस मानवेल काय? आमच्या शहराच्या नळांना येणारें पाणी त्याच जलाशयांतून येतें. ज्या गांवाकडचें पाणी आम्ही रोज पितों, त्याला मागासलेलें म्हणून नाक मुरडण्यापूर्वीं एवढें तरी आठवावें.

आमचा निर्णय असा. कोणत्याही गांवास एक संपूर्ण वर्ष द्यावें : एक पावसाळा, एक उन्हाळा, एक यात्रा आणि यात्रेनंतरचे ते सुने दिवस. त्या वर्षांत दार उघडणारीं चारपांच घरें जोडतां आलीं, तर सिनेमा नसला तरी गांव मानवलें असें समजावें. परंतु वर्षभर राहूनही आडनांवापायीं, धर्मापायीं किंवा मुलगी म्हणून दारें बंदच राहिलीं, तर तेथून निघून जाण्यांत लाज नाहीं; लाज गांवाची आहे, आणि ती धुऊन काढण्याचें काम गांवकऱ्यांचें आहे.

पालकांस आमची एक विनंती आहे. घरांतील कोणाची नेमणूक बाहेरगांवीं असेल, तर येत्या सुटींत मुलांना निदान पंधरा दिवस तेथें राहावयास न्यावें. आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही तेथें गेलांत म्हणजे पहिल्या दिवशीं कांहीं ठरवूं नका. आठवड्याच्या बाजारांत जा, नदीवर जा, तेथल्या मुलांच्या खेळांत शिरा, त्यांची बोली कान देऊन ऐका. परत आल्यावर कोणी “तें गांव कसें आहे?” असें विचारलें, तर तेथें काय नाहीं याची यादी सांगूं नका, कोणाच्या ओसरीवर तुम्हीं पाणी प्यालें आणि कोणाच्या ओसरीवर तुम्हांस बसूं दिलें नाहीं, तें दोन्ही खरें खरें सांगा.