गाण्यावर चूल पेटते का?

सकाळी विरारहून सुटणाऱ्या गाडीत भजन रंगात आले की एखादा गळा असा लागतो, की वाटावे, हा माणूस हापिसात कशाला जातो? उत्तर सोपे आहे. गाण्यावर घर चालत नाही, असे त्याला वडिलांनी सांगितलेले असते आणि वडिलांना त्यांच्या वडिलांनी. नालासोपारा-विरारच्या नव्या वस्तीत तर ते वाक्य फ्लॅटच्या हप्त्याबरोबरच राहायला आले.

तरीही स्वतःच लिहायचे, स्वतःच चाल बांधायची, स्वतःच गायचे आणि त्यावरच पोट भरायचे, असे म्हणणारी मुले आता आपल्याच घरांत आहेत. त्यांना खुळ्यात काढण्यापूर्वी जरा गोव्याकडे पाहावे. शिवोलीचे रेमो फर्नांडिस मुंबईच्या जे. जे. मध्ये वास्तुशास्त्र शिकलेले. कॅसेट कंपन्यांनी दाद दिली नाही, तेव्हा त्यांनी १९८४ साली 'गोवन क्रेझी' ही ध्वनिफीत चार ट्रॅकच्या यंत्रावर घरीच तयार केली आणि स्कूटरवर टाकून दुकानोदुकानी पोहोचवली. हिंदी सिनेमा नंतर आला, पद्मश्री तर २००७ मध्ये. पण स्कूटरवरच्या त्या धंद्यात एक गोष्ट रोकठोक होती. कॅसेट खपली की पैसा हातात.

आज रेकॉर्डिंग लॅपटॉपवर होते आणि गाणे क्षणात परदेशी पोहोचते. मात्र ऐकणारा त्या गाण्याची अशी वेगळी किंमत मोजत नाही. वर्गणीच्या आणि जाहिरातींच्या पैशातला वाटा किती वेळा ऐकले यावर ठरतो आणि नवख्याच्या पदरी चिल्लर पडते. म्हणजे खरी कमाई पुन्हा मंचावरच. संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांचा 'आयुष्यावर बोलू काही' २००३ मध्ये सुरू झाला आणि स्वतःच्या कविता, स्वतःच्या चाली ऐकायला मराठी माणूस तिकीट काढून येतो, हे दिसले. (फुकट पास मागणारेही आपणच, हा भाग वेगळा.)

वसईत सुपारी मिळते ती मुख्यतः लग्नाची, हळदीची. बिदागी बरी असते, पण फर्माईश दुसऱ्यांच्या गाण्यांची. आणि समजा, आपल्या मुलाचेच गाणे अर्नाळ्यापासून नायगावपर्यंत प्रत्येक वरातीत वाजू लागले, तर? २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराचा मानधनातला वाटा कोणाला लिहून घेता येत नाही, हे मोठेच काम झाले. त्यासाठी 'आयपीआरएस'सारख्या संस्थेचे सभासद मात्र व्हावे लागते आणि निम्म्या मुलांना ते नावही ठाऊक नसते. पण त्याच कायद्याने लग्नविधी, वरात आणि त्याभोवतीचे समारंभ सवलतीत ठेवले आहेत. यजमानाला ते सोयीचे आहे, मीही मुलीच्या लग्नात परवाने काढत बसलो नसतो. कवीच्या हाती मात्र त्या वरातीतून काही येत नाही.

उरते तिकिटाचे गाणे. २०११ च्या जनगणनेतच वसई-विरारची वस्ती बारा लाखांवर गेली होती. एवढ्या माणसांत दोनशे खुर्च्या भरू नयेत? शाळेचे सभागृह शनिवारी संध्याकाळी रिकामेच असते. पण आपला पोरगा गातो तो दादर-अंधेरीला, आणि आपण त्याचे गाणे ऐकतो फोनवर, तेही त्याने पाठवले तर. कार्यक्रम संपला की तो टाळ्या पुऱ्या होण्याआधीच गिटार गुंडाळतो, कारण शेवटची विरार गाठायची असते.