‘व्हायरल’ असं कोण शोधतं, राव?

परवा संध्याकाळी केसापुरी कॅम्पकडून येताना धरणाच्या कडेला दोन पोरं मोबाईल घेऊन बसलेली दिसली. सूर्य पाण्यात उतरत होता आणि लांबवर मासेमारांची एक होडी होती. रात्री त्यातल्या एकानं व्हिडिओची लिंक पाठवली. व्हिडिओ खरंच झकास होता. खाली मेसेज, “दादा, व्ह्यूज येईनात. टॅग कोणते टाकू, सांगा ना.”

उघडून बघितलं. व्हिडिओचं नाव ‘नजारा’. खाली हॅशटॅग : व्हायरल, ट्रेंडिंग, फॉर यू, विराट कोहली, पुष्पा, मुंबई, पुणे, लव्ह स्टेटस... मोजले तर बेचाळीस भरले. त्यात माजलगाव नव्हतं. धरणही नव्हतं. सिंदफणा तर नव्हतीच नव्हती.

हसू नका. अशी यादी तुमच्याही मोबाईलच्या नोट्समध्ये सेव्ह असणार. कुणीतरी ‘हे टॅग टाका, रात्रीतून लाख व्ह्यूज’ म्हणून दिलेली, आणि तुम्ही प्रत्येक व्हिडिओखाली चिकटवलेली. आता मला सांगा, यूट्यूबवर जाऊन ‘व्हायरल’ असं कोण शोधतं? तुम्ही कधी शोधलंय? आणि ‘विराट कोहली’ शोधणाऱ्याला आपलं धरण दाखवलं, तर तो दोन सेकंदांत पुढं सरकणार. लोक व्हिडिओ किती वेळ बघतात याला यूट्यूब २०१२ पासून मोठं वजन देतंय. म्हणजे चुकीचा माणूस बोलावून आणला, तर तो येतो तसा जातो आणि जाताना आपलंच नुकसान करून जातो.

थोडं समजून घेऊ. टॅग आणि हॅशटॅग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टॅग अपलोड करताना आतल्या रकान्यात भरायचे असतात, सगळे मिळून ५०० अक्षरांची जागा मिळते आणि बघणाऱ्याला ते दिसत नाहीत. हॅशटॅग सगळ्यांना दिसतात. ही चौकटीची खूण लावून विषय एकत्र बांधायची कल्पना ख्रिस मेसिना यांनी २००७ मध्ये ट्विटरवर मांडली. यूट्यूबवर एका व्हिडिओला साठपेक्षा जास्त हॅशटॅग झाले, तर ते सगळेच धरले जात नाहीत. म्हणजे हावरेपणा केला की हातात शून्य. आतल्या टॅगबद्दल तर यूट्यूबच स्वतः सांगतं की, व्हिडिओ सापडायला त्यांचा हातभार अगदी थोडा असतो. नाव, थंबनेल आणि वर्णन जास्त कामाचं. टॅगचा खरा उपयोग कुठं? तर लोक जो शब्द चुकीचा टाईप करतात, तिथं.

आणि माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. कारण आपल्या गावाचं नाव कुणी एका पद्धतीनं लिहितच नाही. कुणी माजलगाव, कुणी गाववर अनुस्वार देऊन माजलगांव. इंग्रजी अक्षरांत तर बघायलाच नको. एसटीच्या पाटीवर एक, दुकानाच्या बोर्डावर दुसरं, आणि आपण चॅटिंगमध्ये करतो ते तिसरंच. ही सगळी रूपं त्या आतल्या रकान्यात भरा. टॅगची जागा याच्यासाठी आहे, क्रिकेटवाल्यांसाठी नाही.

“पण दादा, माजलगाव टाकलं तर माजलगावचेच बघणार ना?” हा प्रश्न त्या पोरानं लगेच टाकला. बरोबर आहे. पण माजलगावचे लोक आज आहेत कुठं? दिवाळीच्या आगेमागे आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. सांगली, कोल्हापूर, पार कर्नाटकापर्यंत. कोपीत रात्री मोबाईल बघताना त्यांना काय बघावं वाटत असेल? पोरं चाकणला कंपनीत आहेत, कुणी पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करतंय. पावसाळ्यात त्यांचा एकच प्रश्न असतो, धरण किती भरलं? पैठणच्या उजव्या कालव्यानं पाणी आलं का? ही माणसं गावाचं नाव टाकूनच शोधतात. तुमचा व्हिडिओ त्यांच्यासाठीच होता, आणि तुम्ही त्याच्यावर ‘मुंबई’ लिहून ठेवलंत.

दुसरं उदाहरण घ्या. आपल्या तालुक्यात गोदाकाठी पुरुषोत्तमपुरी आहे. अधिक महिन्यात तिथं माणूस मावत नाही. २०२३ मध्ये श्रावण अधिक होता, २०२६ मध्ये ज्येष्ठ. लांबून येणाऱ्याला रस्ता, गर्दी, गाडी कुठं लावायची हे सगळं हवं असतं. पण तो शोधताना काय लिहील? ‘अधिक मास’ लिहील, ‘पुरुषोत्तम मास’ लिहील, ‘मलमास’ लिहील, आणि आपल्याकडची आजी नातवाला सांगेल, “धोंड्याचा महिना टाक रे त्यात.” एकाच गोष्टीची चार नावं. ही चार नावं कुठल्याही टॅग काढून देणाऱ्या ॲपला सुचणार नाहीत, ती तुमच्या आजीला माहीत आहेत. जाता जाता एक, या गावाचं नावसुद्धा असंच मुद्दाम ठेवलेलं आहे. रामचंद्रदेव यादवाच्या पुरुषोत्तम नावाच्या मंत्र्यानं इथं अग्रहार वसवला, त्याची नोंद शके १२३२ म्हणजे इ.स. १३१० च्या ताम्रपटात आहे. तांब्यावर कोरलेलं नाव सातशे वर्षांनी सापडतं, आणि आपला व्हिडिओ आठवड्यात हरवतो.

नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे आजी बघा. नातवानं शूटिंग केलं आणि चॅनेलचं नाव ठेवलं ‘आपली आजी’. आजी घरच्या बोलीत पदार्थ सांगतात. त्या मोठ्या झाल्या त्या पदार्थाला पदार्थाचं नाव देऊन आणि चुलीसमोर बसून सांगण्यानं. अर्थात व्हिडिओत दम नसेल तर कुठलंच नाव त्याला वाचवणार नाही, हेही खरंय.

एका गोष्टीवर मात्र मी चिडून बोलणार आहे. व्ह्यूजसाठी खोटा टॅग. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पावसानं काय केलं, ते आठवा. अशा रात्री कुणी दुसऱ्याच धरणाचा जुना व्हिडिओ उचलून त्याला ‘माजलगाव धरण’, ‘दरवाजे उघडले’ असं लावलं, तर धरणाच्या खालपासून मंजरथच्या संगमापर्यंत सिंदफणेच्या काठची माणसं जनावरं सोडून पळतील. आणि असं दोनदा झालं, की तिसऱ्यांदा खरंच पाणी सोडलेलं असताना कुणी उठणार नाही. व्हिडिओत नाही ते नावात किंवा टॅगमध्ये लिहिणं यूट्यूबच्या नियमांतही बसत नाही, व्हिडिओ काढून टाकला जाऊ शकतो. पण नियम राहू द्या बाजूला. त्या काठावर तुमची आत्या राहत असेल की!

तर त्या पोराच्या व्हिडिओचं आम्ही फोनवरच नाव बदललं : ‘माजलगाव धरण, सिंदफणा नदी, संध्याकाळ’. वर्णनात तारीख आणि त्या दिवसाचा पाणीसाठा लिहायला लावला. हॅशटॅग तीनच ठेवले. आतल्या रकान्यात गावाच्या नावाची जेवढी रूपं आठवली, तेवढी भरली. तीन त्याला आठवली, दोन मला.

शेवटी त्यानं जरा थांबून विचारलं, “विराट कोहली काढू का मग?”

काढ म्हटलं.

“पुष्पा राहू द्या की.”